कोऱ्या दोन ओळी

आजवर हे माझ्या तोंडातून कुणासमोर बाहेर पडलेलं नाही. पोरीसमोर नाही, भावासमोर नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिच्यासमोर तर नाहीच. ती गेली. आठ महिने झाले. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. बरंच आहे.

माझं शिक्षण चौथी. अक्षर वाकडं येतं. आणि ज्या वहीत लिहितोय ती वहीसुद्धा माझी नाही. हिच्या प्रत्येक पानावर वर एक प्रश्न छापलाय आणि खाली रेघा. ह्या पानावर विचारलंय — 'तुमच्या जगातले लोक कशाला भितात?' कशाला भितात! छापणाऱ्याचं काय जातंय विचारायला?

पण आधी वहीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

आम्ही भिंगारचे. छावणीत साहेब लोकांच्या बंगल्यांवर मी माळीकाम केलं, त्यातच म्हातारा झालो. पोरगी वनिता पुण्याला असते. तिनं आईला एक वही आणून दिली. गोष्टी लिहिणाऱ्यांसाठी असते म्हणे तसली. गोष्ट लिहायच्या आधी गोष्टीतलं गाव मनानं उभं करायचं. तिथं पाणी कुठून येतं, लोक काय खातात, भांडणं कशावरून होतात. वही एकेक विचारत जाते, आपण रेघांवर उत्तर लिहायचं. वही भरली की गाव तयार. मी म्हणालो, "भाकरी करायच्या सोडून हा काय पोरखेळ?"

कौसल्या, माझी बायको, म्हणाली, "भाकरी केल्यात. दुरडीत हायेत. मोजून घ्या."

तिचं माहेर पाथर्डीकडं. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, हिला बरोबर घेऊन. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. बाई, तुझ्या मनातलं गाव कसं आहे — हे तिला साठीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. तेही छापील कागदानं. मी कधी विचारलं होतं का?

शेजारची शमीम रोज दुपारी यायची. भिंतीला भिंत लागून घर, तीस वर्षांची सोबत. तिची उर्दू शाळेतली तिसरी, आपली अक्षरं तिला लागत नाहीत. म्हणून ती सांगायची आणि कौसल्या लिहायची. ओट्यावर बसून दोघी खिदळायच्या.

"कौसा, त्या गावात मिक्सर नको गं. लाईट गेली की बसा."

"अगं, लाईट जाईलच कशी? आपुनच तर ठरवतोय!"

आणि परत हसू. मी आलो की एकदम गप्प. असं का? मी काय वाघ होतो? — व्हय. होतो.

एका सकाळी कौसल्या दळण आणायला गेली. वही फळीवर होती. मी काढली आणि बोट लावून लावून वाचली. तिच्या गावात विहिरी चालत होत्या. हाक मारेल त्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. विहिरींना हाक मारायचं काम शमीमकडं. आमचा मेलेला कुत्रा मोत्या तिथं कोतवाल. तिचा भाऊ होता, वनिता होती. माझी आई, जिनं हिला जन्मभर छळलं, तीसुद्धा होती, गोड तोंडानं पापड लाटत बसलेली. एका पानावर विचारलं होतं, 'इथल्या लोकांना दरवर्षी कुठे जावं लागतं?' खाली तिनं लिहिलं होतं — 'कुठंच नाही.'

मी मला शोधत होतो. खरं सांगतोय, दुसरं काहीच शोधत नव्हतो.

पुढं एक प्रश्न आला. 'गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव काय?' खालची रेघ कोरी. दोन पानं सोडून आणखी एक. 'हे गाव कशावर उभं आहे?' तीही रेघ कोरी. बाकी वही गच्च भरलेली, समासातसुद्धा बारीक अक्षर. ह्या दोनच ओळी रिकाम्या. कुत्र्याला जागा आहे, छळणाऱ्या सासूला जागा आहे, आणि चाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिला मोठं माणूस म्हणून मी सुचू नये?

डोकं फिरलं. परसात आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता. वही फाडली आणि चार-चार पानं करून आत घातली. पुठ्ठा लवकर पेटेना, तो काठीनं ढोसला. मग त्याच पाण्यानं आंघोळ केली. कडक पाणी होतं.

थांबा. एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गप्प बसलो नसतो. बायकोची वही जाळणारे गावोगाव निघतील. माझं पुढं आहे.

तिनं दोन दिवस वही शोधली. गादीखाली, पिठाच्या डब्यामागं, देवाच्या फळीवर. मग मला विचारलं, "अहो, वही बघितली का?" मी गुलाबाला खत घालत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, "शमीम आल्ती परवा सकाळी. काखेत कायतरी हुतं तिच्या."

शमीम आली नव्हती. काखेत काही नव्हतं.

तिचंच नाव का घेतलं मी? रद्दीवाल्याचं घेता आलं असतं. उंदरांवर घालता आलं असतं. जीभ तिकडंच का वळली? ती माझ्या बायकोला हसवायची, ह्याचा मला राग होता. आणि दुसरं — तेही लिहितो, आता काय राखून ठेवायचं — तिचं नाव शमीम होतं. हिच्यावर घातलं की चिकटेल, गल्लीत कुणी उलटून विचारणार नाही, हे मला आतून माहीत होतं. कुणी विचारलंही नाही.

कौसल्या तिच्याकडं गेली. भांडायला नाही, नुसतं विचारायला. पण असलं विचारणं नुसतं राहतं का? भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. "मैं चोर? तीस वर्षं झाली कौसा, मला चोर म्हणतीस? मला वाचता तरी येतं का ते?" मग कौसल्याचा बारीक आवाज. मग दार आपटलं.

त्या दिवसापासून ओटा मोकळा. दोन वर्षं. एक नळाला गेली की दुसरी घरात थांबायची. वनितानं दुसरी वही आणली — हीच, जिच्यात मी खरडतोय — ती कौसल्यानं उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, "एकटीनं गाव वसत न्हाई, पोरी."

मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडायचं होतं, एवढंच. त्या दिवशी जमलं असतं, दुसऱ्या दिवशी जमलं असतं. मग ती दवाखान्यात पडली, तिथंही मी उशाशीच होतो. मी काय केलं? मोसंबी सोलली. बिया काढून एकेक फोड तिच्या तोंडात घातली. लोक म्हणाले, बघा, किती जीव लावतो. आजही म्हणतात, लई मायेचं जोडपं हुतं. असं कुणी म्हणालं की वाटतं, थोबाडीत द्यावी. त्याच्या नव्हे.

तेराव्याला शमीम आली. दोन वर्षांनी आमच्या ओट्यावर बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "भाऊ, ती वही सापडली का हो शेवटी?"

मी म्हणालो, "न्हाई."

"सापडली तर मला वाचून दाखवा. दोनच रेघा राहिल्या होत्या. मी म्हटलं, लिही की गं. तर लाजली. म्हणे, ह्यांचं नाव मी कसं लिहू? मी म्हटलं, मग दुसरी तरी भर. तर म्हणे, तिथंबी तेच येतंय."

माझं नाव दगडू.

आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कौसल्या तर त्या नावासारखा शब्दसुद्धा टाळायची. दगड कधी म्हणाली नाही, धोंडा म्हणायची. रेशनच्या हापिसात बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं की मला कोपर मारायची — सांगा की. चाळीस वर्षं ते कोपर खाल्लं मी! आणि रेघ कोरी दिसल्यावर मला समजू नये? मला वाटलं, नाव तोंडानं घेत नाहीत, कागदाला कुठं तोंड असतं? तिच्या लेखी कागदालाही तोंड होतं. तिचं गाव दगडावर उभं होतं. ते तिला लिहवेना, आणि मी ते गाव बंबात घातलं.

हे सगळं शमीमच्या तोंडून ऐकल्यावर तरी मी बोललो का? म्हणालो, "बघतो, सापडते का." कौसल्याच्या तेराव्याला, तिच्या मैत्रिणीसमोर, दुसऱ्यांदा खोटं. पहिल्या वेळी राग तरी होता. दुसऱ्या वेळी काय होतं? नुसती भीती. म्हातारा माणूस, घरी चूल बंद, हिनंही तोंड फिरवलं तर?

आता शमीम दर शुक्रवारी डबा पाठवते. ईदला शिरखुर्मा आला. मी खातो. चव लागते. तेही सांगतो.

शेवटच्या पानावर वही विचारतेय, 'तुमच्या जगात गुन्ह्याला शिक्षा काय?' आणि रेघा दिल्यात चार.

उद्या ही वही शमीमच्या ओट्यावर ठेवणार आहे. तिला वाचता यायचं नाही. गल्लीतल्याच कुणाला तरी बसवून ती वाचून घेईल. मोठ्यानं. चार जण ऐकतील. म्हणून ह्या रेघांवर सोपं लिहितो, वाचणारा अडखळायला नको.

वही मी जाळली. शमीमनं नेली नव्हती.