बाबांच्या दुनळीचा परवाना

निवडणूक जाहीर झाली की बाबा आपली दुनळी बंदूक हिरव्या कॅनव्हासच्या खोळीत घालून पोलीस ठाण्यात जमा करायला निघायचे. लखनौत हे ठरलेलंच आहे. मतदानाआधी परवानाधारकांनी हत्यारं जमा करायची आणि निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. विकास नगरातल्या आमच्या गल्लीतून असे चार-पाच सद्गृहस्थ खांद्याला खोळी अडकवून जाताना दिसले की मला बरं वाटायचं. त्या दिवशी मी आईला मुद्दाम शिरा करायला लावायचे. बाबा निकालापर्यंत उदास असायचे, मुलीला सासरी धाडल्यासारखे. खरी मुलगी सासरी गेली तेव्हा तर पोटभर जेवला होतात, असं मी त्यांना चिडवत असे.

बाबा मूळचे सांगलीचे. रेल्वेत इंजिनिअर म्हणून इकडे आले, निवृत्त झाले आणि परत जायचं सोडून मलिहाबादला दशहरी आंब्याची छोटी बाग घेऊन बसले. आंबा धरला की माकडं आणि नीलगायी यायच्या. शेजारचे बागवाले म्हणाले, साहब, बंदूक ले लीजिए. बाबांनी दोन-अडीच वर्षं खेटे घालून परवाना काढला. ते कोणत्याही प्राण्यावर गोळी झाडत नसत, नुसता हवेत बार काढत. माकडं या झाडावरून त्या झाडावर जात आणि तिथला आंबा खात.

मी इथल्याच एका संशोधन संस्थेत काम करते. दर रविवारी सकाळी माहेरी जायचे ते बंदुकीवर भांडायलाच. माझं म्हणणं, सामान्य माणसाच्या घरात बंदूक नकोच, माकडाच्या हाती कोलीत देऊ नये म्हणून तर कायदा असतो. बाबा म्हणायचे, कोलीत माझ्या हातात आहे, माकडं झाडावर आहेत. सरकारनं मला तपासून, चौकशी करून परवाना दिलाय. ज्यांच्याकडे देशी कट्टे आहेत ते कुठला फॉर्म भरतात? कायदा कडक केलास तर माझ्यासारखाच सापडणार. तू प्रयोगशाळेत बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. मी म्हणायचे, परवान्याच्या बंदुकाच लग्नात उडतात. आई मध्येच सब्जी वाढायची आणि दोघांनाही गप्प जेवायला सांगायची. गप्प कोणी बसत नसे.

एकदा पलीकडच्या सेक्टरमध्ये खरंच तसं झालं. वरातीत नवऱ्याच्या काकांनी खुशीत बार काढला आणि गच्चीवर बघत उभ्या असलेल्या मुलीच्या दंडात छर्रे घुसले. मुलगी वाचली. बंदूक परवान्याचीच होती. त्या रविवारी बाबा जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी मात्र ते वर्तमानपत्रांची कात्रणं काढून, तयारी करून बसले होते. माझा नवरा म्हणायचा, तुम्हा बापलेकींना टीव्हीवर बसवलं पाहिजे.

गेल्या निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा असतानाच बाबा गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले आणि तासाभरात संपलं. दिवस वगैरे झाल्यावर ठाण्यातून फोन आला. वारसाच्या नावे परवाना करून घ्या, नाहीतर हत्यार कायमचं सोडा. भाऊबहीण मला नाही. आई म्हणाली, माझं वय झालं, आता तूच काय ते ठरव. ती एवढंच म्हणाली, पण दिवाणखान्यातल्या ज्या कोपऱ्यात बंदुकीचं लोखंडी कपाट होतं तिकडे बघत म्हणाली.

मला ती बंदूक हवी होती. आयुष्यभर जी घराबाहेर काढा म्हणून घसा कोरडा केला, ती मला घरात हवी होती. तिच्या दस्त्यावर बाबांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली जागा होती. त्यांचे कपडे वाटून झाले होते, चष्मा कुठे गेला कळत नव्हतं.

कचहरीत शस्त्रांच्या परवान्यांचं काम बघणारा कारकून असतो, त्याला सगळे असलहा बाबू म्हणतात. त्याने फॉर्म दिला. बाकी सगळं भरलं. ‘शस्त्र कशासाठी हवे’ या रकान्याशी पेन थांबलं. बाग तर बाबांनी दोन वर्षांपूर्वीच विकली होती. असलहा बाबू म्हणाला, “जान का खतरा लिख दीजिए मैडम, सब यही लिखते हैं.” हेच तर मी दर रविवारी सांगत होते, की सगळे हेच लिहितात. मला कोणापासून धोका नव्हता. मला फक्त माझे बाबा हवे होते, आणि त्यासाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता.

मी फॉर्म परत केला. मग ठाण्यातून कागदपत्रं करून, बंदुकांच्या परवानाधारक दुकानदाराला बरोबर घेऊन बंदूक कायमची सोडायला त्याच्या दुकानात नेली. तो म्हातारा, अदबीने बोलणारा माणूस. त्याने खटका सरकवून नळ्या झुकवल्या, उजेडाकडे धरल्या आणि गज घातला. आतून तेलाने चिकटलेले, हळदीकुंकवाने माखलेले तांदळाचे दाणे पडले. खंडेनवमीला आई बंदूक पाटावर ठेवून अक्षता वाहते, हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, “बिटिया, यह तो बरसों से चली ही नहीं.” मला ते पटेना, कारण बाबा अगदी बाग विकेपर्यंत कसा बार काढला ते रंगवून सांगत. मी सह्या केल्या आणि मोकळ्या हाताने बाहेर पडले. ते नसताना मी त्यांना हरवलं होतं, आणि मला लाज वाटत होती.

घरी आईला सगळं सांगितलं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “त्या गच्चीवरल्या मुलीला लागलं ना, त्यानंतर त्यांनी काडतुसं परत करून टाकली. म्हणाले, पोरीचं बरोबर आहे. बंदूकही सोडणार होते, मग राहू दे म्हणाले.”

“मला कधीच का नाही सांगितलं?”

आईने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“सांगितलं असतं तर तू रविवारी कशाला आली असतीस?”