फळांचा आठवडा आणि बाईंचा गुडघा

शिकवणं हे आमच्या घरात बायकोचं खातं. माझं खातं तपासणीचं. पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात रबराच्या वायसरी आणि सीलं तपासण्यात मी उभं आयुष्य घालवलं. माल माझ्या टेबलावरून पुढे जायचा तो ‘ओके’ होऊन, नाहीतर ‘रिजेक’ होऊन. शितावरून भाताची परीक्षा करायची आणि उरलेल्या भातावर सही ठोकायची, एवढीच माझी विद्या. म्हातारपणी तुला चार-चार वर्षांच्या पोरांचा वर्ग घ्यावा लागेल, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्या माणसालाच रिजेक केलं असतं.

पण वेळ आली. नेरुळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसाशेजारच्या खोलीत ही कित्येक वर्षं बालवर्ग चालवते. निम्मी पोरं आजूबाजूच्या सेक्टरांतली, निम्मी सारसोळे गावातली. पावसाळा सरता सरता हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. डॉक्टर खूश, व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ मुलगी खूश. काही आठवड्यांनी दोघांनी एका सुरात सांगितलं, आता वॉकर सोडा, चाला. ही मात्र वॉकर सोडेना. दोन चाकांचा तो पांढरा सांगाडा हिने असा धरून ठेवला होता की जणू सोडला तर जमीनच सरकेल. पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकर, बाथरूमपासून पलंगापर्यंत वॉकर. दाराबाहेर तर नाहीच.

मी समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा रागाच्या भरात मी म्हणालो, “अगं, गुडघा नवा आहे, गॅरंटीतला आहे.” त्यावर दिवसभर अबोला. मग एका संध्याकाळी खिडकीबाहेर बघत ही शांतपणे म्हणाली, “बंद करू या वर्ग. ती पोरं मला अशी बघणार, नळ्या धरून सरकणारी? नको.” तेव्हा मात्र मी घाबरलो. रस्त्याने जाताना फुटपाथवरच्या अनोळखी पोराचं नाक पुसणारी ही बाई. वर्ग बंद झाला तर ही घरात बसून काय करणार होती? आणि खरं सांगायचं तर तशी ही मला सोसलीच नसती.

म्हणून ही चालती होईपर्यंत वर्ग मी चालवायचा, असं ठरलं. सोबतीला वर्गाच्या मदतनीस मावशी होत्या. नाकं, चपला आणि ‘शू’ हा सगळा विभाग त्यांच्याकडे. पोरांनी माझं नावही लगेच ठेवलं. हिला ती बाई म्हणत, म्हणून मी बाईआजोबा.

काय शिकवायचं ते ही पलंगावरून सांगायची. “या आठवड्यात फळं घ्या,” म्हणाली. मला वाटलं, सोपं आहे. चित्र दाखवायचं, नाव म्हणून घ्यायचं, मोकळं व्हायचं. ही उसळलीच. “चित्र अजिबात दाखवायचं नाही. आणि नाव सगळ्यात शेवटी. आधी फळ हातात, मग नाकाशी, मग कानाशी, मग तोंडात. एवढं झालं की नाव.”

“कानाशी कशाला?”

“नारळ घेताना तुम्ही काय करता?”

तुर्भ्याच्या मार्केटात मी प्रत्येक नारळ कानाशी हलवूनच घेतो, हे हिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी उशीच्या अभ्र्यात फळं घालून पोरांना न बघता ओळखायला लावली. एकाने चिकू चाचपून ‘बटाटा’ म्हटलं, आणि डोळे मिटून चिकू चाचपला तर मीही बटाटाच म्हणेन. सीताफळाला हात लागताच एका मुलीने किंचाळून अभ्रा फेकला आणि मग तोच अभ्रा कोणालाही देईना. दुसऱ्या दिवशी बिया. संत्र्याच्या, पपईच्या, सीताफळाच्या बिया पोरांनी वाट्यांत वेगळ्या केल्या. जांभळाची बी म्हणून एकाने आपल्या चपलेतला खडा टाकला. आणि तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी माझा जुना व्हर्नियर घेऊन गेलो. कारखान्यात वायसरीचा व्यास मोजायचो, तोच. लिंबं मोजू म्हटलं. लिंबं बाजूला राहिली आणि पोरांनी रांग लावून आपापली नाकं मोजून घेतली. मावशींनीही घेतलं. घरी हे सांगितलं तर ही पोट धरून हसली, आणि हसता हसता एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. वर्ग तिचा होता, मजा मी मारत होतो. मला वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी घरून एकेक फळ आणायचं, सगळी मिळून कापायची आणि फ्रूट सॅलड करून खायचं, असा बेत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर मी निरोप टाकला होता: ‘उद्या प्रत्येकाने एक फळ आणावे.’ सकाळी सतरंजीवर परात मांडली आणि काय काय आलं. केळी, पेरू, डाळिंब. एक भलीमोठी पपई, जी मुलापेक्षा त्याच्या बापानेच उचलून आणली. एका आईने ड्रॅगन फ्रूट धाडलं होतं, ते पाहून मावशींनी “हे निवडुंगाला आलेलं काय?” असं विचारलं. श्रीवर्धनकडच्या एका मुसलमान कुटुंबातल्या मुलाने आजोबांनी दिलेला खजुराचा डबा आणला होता आणि झाकण तो स्वतःच उघडणार होता. टोमॅटोही आला. त्याचं काय करायचं ते मी हिला विचारायला ठेवलं.

सगळ्यात शेवटी सारसोळ्याची एक पोरगी आली. तिची आजी सकाळी मासळी विकायला बसते, तीच तिला वर्गात सोडते. पोरीच्या हातात मोसंब्यांची जाळी होती. तिने दारात उभं राहून भरलेली परात पाहिली आणि तिचा चेहरा एकदम गंभीर झाला.

“कोन आजारी हाय?” तिने विचारलं.

“कोणी नाही गं.”

“मंग येवढी फलं कुनाला?”

मी हसलो खरा. तिचं काही चुकलं नव्हतं. तिचा आजोबा दवाखान्यात होता तेव्हा येईल तो माणूस मोसंबी घेऊन आला होता, हे मावशींनी मला नंतर सांगितलं. आणि आपण सगळे हेच तर करतो. एरवी घरात फळ नसलं तरी चालतं, पण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. कुठल्याही इस्पितळाच्या फाटकाशी फळांची गाडी उभी असते ती काय उगीच?

खजूरवाला मुलगा शांतपणे म्हणाला, “बाई आजारी आहेत ना.”

झालं. एका क्षणात परातीतली सगळी फळं बाईंची झाली. मी सुरी उचलली तर चार-पाच जणांनी परातीवर हात पसरले. मी समजावून सांगितलं की बाई आजारी नाहीत, फक्त त्यांचा गुडघा दुखावला होता.

“मंग गुडगा आजारी हाय,” पोरगी म्हणाली.

मी सुरी खाली ठेवली. आमचं घर समोरच्याच इमारतीत, तळमजल्यावर. मी मावशींकडे पाहिलं, मावशींनी माझ्याकडे पाहिलं. घरी फोन केला असता तर ही नकोच म्हणाली असती, म्हणून केला नाही. पोरांना रांगेत न्यायचा गाठी मारलेला दोर काढला, एकेका पोराने एकेक गाठ धरली, परात मावशींच्या डोक्यावर, पपई माझ्या काखेत, आणि निघालो. वॉचमनने विचारलं, “क्या साब, कोणाचं लग्न?”

दार माझ्या किल्लीने उघडलं. पोरांना मी तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं. सगळी हॉलमध्ये तशीच बोट ठेवून उभी. आतून हिचा आवाज आला, “एवढ्यात आलात?” मग, वास पोचला असणार, “पेरू कोणी आणलेत?”

बोटं सुटली आणि सगळी पोरं आत घुसली. ही पलंगावर बसली होती, केस मोकळे, अंगात गाऊन. माझ्याकडे तिने जे पाहिलं त्याचं वर्णन करत नाही. पदर नव्हता तरी पदर सावरायला हात गेला, आणि डोळे लगेच वॉकरकडे वळले. तो लपवायला जागा नव्हती. पोरंही त्याच्याकडेच बघत होती. मला वाटलं, गेलं सगळं, आता ही मला आयुष्यभर माफ करणार नाही.

खजूरवाला पुढे झाला. वॉकरच्या चाकाला त्याने हात लावून पाहिला. “आमच्या बाळाकडे पण आहे,” तो म्हणाला. “तो पण शिकतोय चालायला.”

ही हसली. आधी ओठांनी, मग अख्खी. “हो रे,” म्हणाली, “मी पण शिकतेय.”

एवढं होईतो पोरांना त्या सांगाड्याचा खरा उपयोग सापडला होता. पुढे चाकं, मधे आडवी नळी, म्हणजे गाडीच. मोसंब्यांची जाळी अडकली, केळ्यांची पिशवी अडकली, पपई मधल्या नळीवर बसेना म्हणून दोघांनी मिठी मारून धरली. सारसोळ्याची पोरगी मालकीण झाली, त्याला कोणी हरकत घेतली नाही. ती ओरडायला लागली ती मात्र आजीसारखी.

“ताजी हाय, ताजी. बगून घ्या.”

“पपई कशी दिलीस?” हिने पलंगावरून विचारलं.

पोरीने पपई उचलायचा प्रयत्न केला, जमेना. मग तिने पपईच्या देठाशी अंगठा घालून मासळीचा ताजेपणा दाखवायला कल्ला उघडावा तसं काहीतरी केलं. “बग, आतून लाल हाय. शंबर रुपये.”

“फार होतात. पन्नासला दे.”

“कापून देऊ का अख्खी?”

“अख्खी. पण पन्नास.”

“नको तं ऱ्हाऊ दे,” पोरगी म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला वळून न बघता तिने गाडी पुढे हाकली. खजूरवाल्याने मागून ढकललं. गाडी दारातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून हॉलमध्ये.

“अगं थांब,” ही म्हणाली. “साठ देते. अगं, ऐकून तर घे.”

आणि उठली. मी दाराशी उभा होतो. एक हात पलंगावर, मग भिंतीवर, मग पॅसेजमध्ये कशावरच नाही. ती माझ्या बाजूने अशी गेली की जणू मी तिथे नव्हतोच. धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. हॉलमध्ये मावशी तोंडावर बोट ठेवून उभ्या होत्या, आणि यावेळी पोरांसाठी नाही, माझ्यासाठी. ही गाडीपाशी पोचली, वाकली, दोन्ही हातांनी पपई उचलली आणि ऐंशीला सौदा केला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मागोमाग हॉलमध्ये जाऊन मी परातीतला टोमॅटो हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिलो.

पपई छातीशी धरून ती माझ्याकडे वळली, बहुधा पैसे मागायला. माझं तोंड बघून थांबली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“वॉकर,” ती म्हणाली. “माझा वॉकर.”

पोरगी दोन्ही हातांनी नळीला बिलगली. “ही आमची गाडी हाय,” ती म्हणाली. “अजून माल खपला नाय.”

ही तिच्याकडे बघत राहिली. मग हिने पपई माझ्या हातात दिली.

“राहू दे तुझ्याकडे,” ती पोरीला म्हणाली, आणि सुरी आणायला स्वयंपाकघरात गेली.