गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणणारा

उत्तर सीमेवर आमची पोस्ट होती. मी शिपाई, जामसंड्याचा. माझा बडी, म्हणजे पेट्रोलवरचा जोडीदार, नाईक सावळाराम. त्याला सगळे सावळो म्हणत. तो आमच्याच बाजूच्या कट्टा गावापासून आत असलेल्या खेड्यातला. पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, निघण्याआधी तो गावच्या राखणदार देवाला हळू आवाजात गाऱ्हाणं घालायचा, सांभाळ म्हणून विनवायचा, आणि प्रत्येक ओळीला मला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लावायचा. दुसऱ्याने ‘व्हय’ म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं त्याचं ठाम मत. मला इतकी सवय लागली की एकदा रेडिओवर ‘रॉजर’ऐवजी ‘व्हय म्हाराजा’ निघून गेलं. साहेबांनी मला जे झापलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सावळो दिवसभर हसत होता.

बर्फ वितळायचे दिवस होते. सकाळचं पेट्रोल, दाट धुकं. सावळो पुढे, त्याच्यामागे मी, बाकी सेक्शन अंतर ठेवून. बाजूला तुटकी तार आणि पत्र्याची पाटी दिसली. पाटीची पाठ आमच्याकडे होती. म्हणजे धोक्याची सूचना बाहेरच्यांसाठी होती आणि आम्ही आत होतो.

‘माइन्स. हलू नको,’ सावळो म्हणाला.

सावळ्याने मागच्यांना थांबवलं, रेडिओवर खबर दिली. सुरुंग काढणारे इंजिनिअर्स येईपर्यंत जागेवर थांबा, असं उत्तर आलं. पण वरच्या उतारावरून दगड सुटू लागले. थांबणं शक्य नव्हतं. जवळ एक खडक होता. सावळो संगिनीने जमीन टोचत तिकडे निघाला आणि मला त्याच्या पावलावर पाऊल टाकायला सांगितलं.

माझा पाय उचलेना. सरळ सांगतो, मी प्रचंड घाबरलो होतो. त्याने मागे वळून पाहिलं नाही, शिवी दिली नाही. गाऱ्हाणं सुरू केलं. त्याची एक ओळ, माझं ‘व्हय म्हाराजा’, एक पाऊल. असे खडकापर्यंत पोचलो. खडकावर एकाचीच जागा होती. त्याने मला वर चढवलं आणि स्वतः खाली उभा राहिला.

‘आता हेका सुखरूप घराक पोचव, म्हाराजा.’

मी तोंड उघडलं. वरून एक धोंडा आला, तो चुकवायला सावळ्याने पाय बाजूला टाकला आणि स्फोट झाला. माझं ‘व्हय’ तोंडातच राहिलं.

आता निवृत्त होऊन घरी आहे. डांबरावर मी ऐटीत चालतो. पाला पडलेली पायवाट दिसली की घाम फुटतो. खाली काय आहे ते दिसत नाही ना! बायको काजूच्या बागेत एकटीच जाते. माजी सैनिक पाचोळ्याला भितो, हसा खुशाल.

यंदा सावळ्याच्या वडिलांचा, तात्यांचा, फोन आला. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ सपाटीवरच्या, राखणदाराला नारळ द्यायचा आहे, बरोबर कुणी नाही, तू ये. त्यांना नाही कसं म्हणणार? गेलो.

चढ सुरू झाला आणि वाट पाचोळ्यात बुडाली. माझे पाय थांबले. कानात स्फोटानंतरची तीच गुणगुण. तात्या पुढे होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काठी टेकून तिथेच गाऱ्हाणं सुरू केलं. वाटेत काय वाकडानाकडा आसात तर ता दूर कर. मग म्हणाले, ‘हेका सुखरूप घराक पोचव, म्हाराजा.’

तेच शब्द. लेक बापाकडूनच शिकला होता. तात्या थांबले. तिथे ‘व्हय’ म्हणणारा मीच होतो.

‘व्हय म्हाराजा.’

पाऊल टाकलं. खाली जांभा दगड होता, घट्ट आणि उन्हाने कोमट. पुढचं टाकलं. भीती गेली नाही, पण पाय चालत राहिले. वर सड्यावर वारा होता, लांब समुद्र दिसत होता. राखणदाराच्या दगडापुढे मी डोकं टेकलं आणि खूप रडलो. मी जिवंत आहे याचे आभार इतक्या वर्षांत कधी मानलेच नव्हते. ते मानले. देवाचे आधी की सावळ्याचे, ते ठरवत बसलो नाही.

उतरताना तात्यांनी पहिल्यांदाच विचारलं, ‘शेवटाक काय बोललो तो?’

गाऱ्हाणं घालत होता, माझ्यासाठी, असं मी सांगितलं.

तात्यांनी काठी पुढच्या दगडावर टेकली. मग म्हणाले, ‘आणि व्हय कोणी म्हटल्यान?’

‘मी म्हटलंय, तात्यानू. आज.’