कुंडीपाड्याला जाताना

लाँचचं इंजिन एका लयीत धडधडतंय आणि सेवंता वळवीच्या पापण्या जड होऊ लागल्यात. सकाळचे अकरा वाजलेत. ऊन पाण्यावर असं नाचतंय की उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, म्हणून ती डोळे मिटून घेते. नुसते मिटून घेते. झोपायचं तिच्या मनातही नाही. आज झोप येईलच कशी? सकाळची भाकर अर्धी ताटात राहिली, केस दोनदा विंचरले, औषधांची पेटी तीनदा उघडून पाहिली.

आज तिची पहिली स्वतंत्र फेरी आहे. सातपुड्याच्या या कोपऱ्यात धरणाचं पाणी चढलं, रस्ते बुडाले, आणि डोंगरांच्या टोकांवर पाडे उरले. तिथे दवाखाना पोचतो तो या लाँचमधून. नऊ वर्षं सेवंता डॉक्टरांच्या मागे पेटी धरून फिरली. मग दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने तिला नाशिकला पाठवलं. दीड वर्ष तिथे राहून तिने लहान मुलांच्या आजारांचं शिक्षण घेतलं. आता मूल तपासायचं तिने, औषध ठरवायचं तिने, कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तेही तिनेच.

आणि पहिलीच फेरी कुंडीपाड्याची! तीन वर्षांपूर्वी तिथल्या रायकीचं मूल, दोन वर्षांचा रेमू, सेवंताने सुई दिल्यावर तासाभरात गेला. तेव्हापासून त्या पाड्याने लाँच काठाला लागू दिली नव्हती. आणि गेल्या आठवड्यात बाजारात त्यांचा निरोप आला : सोमवारी बाईला पाठवा. का, ते कुणालाच कळलं नाही.

इंजिनाची धडधड हळूहळू लांब जाते.

"झोपलीस काय, सिस्टर? मी गाडी चालवतोय आणि तू खुशाल झोपतेस?"

सेवंता दचकून बघते. चाकावर लाँचचा नवा चालक दिलवर हवा. पण तिथे जुना चालक जात्र्यादादा बसलाय, डोक्याला तोच टॉवेल गुंडाळून, पुढचे दोन दात नसलेलं तोंड भरून हसत. लाँचला 'गाडी' म्हणणारा या पाण्यावर तो एकटाच.

"दादा, तू..." ती अर्धवट उठते. "तू तर थंडीत..."

"गेलो. छातीत कळ आली आणि गेलो. आता त्याचं काय करतेस?" तो चाक गरकन फिरवतो. "पुढे ये, पुढे. वेळ कमी आहे आणि दाखवायचं बरंच आहे."

दादा गेला तेव्हा ती नाशिकला होती. निरोप पोचला तिसऱ्या दिवशी. माती द्यायलाही ती नव्हती. हे सगळं तिला त्याला सांगायचंय, पण लाँच एवढ्यात बाजाराच्या गल्लीत शिरलीय. दोन्ही बाजूंना भज्यांच्या कढया, बांगड्यांच्या पाट्या, आणि मधून संथ पाणी. कोणालाच त्याचं नवल नाही. बांगडीवाली पाय जरा आखडून घेते, बस.

"पास झालीस का?" दादा विचारतो.

"झाले! पहिल्या पाचांत आले."

"पाचांत!" दादा चाक सोडून टाळी वाजवतो. "मला ठाऊकच होतं. मी सांगूनच ठेवलं होतं."

"कुणाला?"

पण आता ते परीक्षेच्या हॉलमध्ये आहेत. बाकांच्या पायांशी पाणी डुचमळतंय. टेबलावर रबरी बाहुला आहे, आणि परीक्षक मॅडम विचारतात, "श्वास मिनिटाला किती?" सेवंता वाकते. बाहुल्याची छाती वरखाली होतेय! तिचे हात आपोआप चालू लागतात. ती मोजते, बरगड्यांखाली पडणारा खळगा बघते, पोट बघते, नखांचा रंग बघते. शेवटच्या बाकावर जात्र्यादादा पाय वर घेऊन बसलाय आणि बोटांनी काहीतरी खुणावतोय.

"कॉपी नको रे दादा, मला येतंय!"

"येतंय म्हणूनच खुणावतोय. बाहेर चल म्हणतोय. पोरं थांबलीत."

बाहेर एक मोठं मोहाचं झाड आहे. मुलांचं वजन करायच्या झोळ्या त्याच्या फांदीफांदीला टांगल्यात, आणि प्रत्येक झोळीत एक मूल. शंभर असतील, जास्तच असतील. कुणी पाय झाडतंय, कुणी शेजारच्याला ढकलतंय, सगळी एकदम ओरडतायत. सेवंता एकेकाला ओळखते. पुराच्या दिवशी लाँचमध्येच जन्मलेली ही. सातव्या महिन्यातच जन्मलेला हा, आईच्या छातीला बांधून महिनाभर जगवलेला. आता फांदीवर चढून तिला वाकुल्या दाखवतोय.

"बघ, बघ, काय वजन भरलंय एकेकाचं!" दादा झाडाखाली गोल गोल नाचतो. "मी नेऊन सोडली, तू सांभाळली. आपण दोघांनी!"

सेवंताला हसू आवरत नाही. ती हसत हसत झोळ्या बघत जाते, एकेक नाव घेत. शेवटची झोळी रिकामी आहे.

झाड नाहीसं होतं. कुंडीपाड्याचा काठ समोर आहे. काठाला एक सपाट काळा दगड आहे, अर्धा पाण्यात, आणि दादा त्यावर बसलाय.

"इथे बसायचो मी," तो म्हणतो. "रविवारी गाडी बंद असायची ना? तू नाशिकला गेलीस आणि मी होडी घेऊन इकडे यायला लागलो. रायकीकडे."

"मला बोलला नाहीस कधी."

"बोललो असतो तर तुझं अभ्यासात लक्ष लागलं असतं का? पहिले चार रविवार तिने मला दगड मारले. हा खांदा बघ. पाचव्या रविवारी नाही मारला. मग मी जरा जवळ बसलो."

"काय बोलायचास तिच्याशी?"

"ते सोड. तू काय बोलणार आहेस, ते सांग."

सेवंता त्याच्याशेजारी दगडावर टेकते. "डॉक्टर त्या दिवशी मागच्या पाड्यावर थांबले होते. रेमूला आणलं तेव्हा त्याचा श्वास मिनिटाला ऐंशी होता, दादा. ओठ निळे होते. सुई शेवटचा उपाय म्हणून दिली. तो सुईने गेला नाही. पण मी रायकीला त्यातलं काहीच सांगितलं नाही. लोक धावून येतील म्हणून भ्याले. तिच्या मांडीवर पोर तसंच होतं आणि मी तुला म्हटलं, गाडी चालू कर."

"हो. आणि मी केली," दादा हळू म्हणतो. "माझंही तेवढंच होतं त्यात."

मग तो उठतो, आणि पुन्हा तेच बिनदाताचं हसू. "ए सिस्टर, रडत काय बसलीस! तुला बोलावलंय त्यांनी. मोठा दिवस आहे आज. ऊठ, काठ आला. धर हा दोर!"

ओला, जड दोर तिच्या हातांत येऊन आदळतो. ती दोन्ही मुठी आवळते. पाणी लाँचला मागे ओढतंय, सगळा जोर तिच्या तळव्यांवर येतोय.

"सोडू नकोस!"

"नाही सोडत, दादा!"

"सोडू नकोस हं!"

"नाही..."

"बाई, कोणाशी बोलताय? आला कुंडीपाडा."

दिलवर इंजिन बंद करतोय. सेवंता बाकावर ताठ बसलीय, मुठी मांडीवर घट्ट आवळलेल्या. काठावर बायका उभ्या आहेत, कडेवर मुलं घेऊन. वीस तरी असतील. काठाला सपाट काळा दगड आहे आणि त्यावर रायकी बसलीय. तिच्या मांडीवर सातआठ महिन्यांची मुलगी.

दिलवर फळी लावेपर्यंत सेवंताला धीर निघत नाही. ती गुडघाभर पाण्यात उडी मारते आणि तशीच दगडासमोर जाऊन उभी राहते.

"रायकी, त्या दिवशी तुझ्या रेमूचा श्वास मिनिटाला ऐंशी होता. त्याच्या छातीत पू भरला होता. सुईने तो गेला नाही. पण हे मी तेव्हाच तुझ्याजवळ बसून सांगायला हवं होतं. मी भ्याले आणि पळून गेले."

बायका जवळ सरकतात. रायकी मांडीवरची मुलगी सावरून घेते.

"जात्र्याने मला सांगितलं होतं ते," ती म्हणते. "पण तो म्हणायचा, बाई शिकून येईल तेव्हा आपल्या तोंडाने सांगेल. मी म्हणायची, नाही येणार. तू पास होऊन आल्याचं बाजारात कळलं, तेव्हा मीच म्हटलं, बोलवा, बघू."

"तो... खरंच इथे यायचा?"

"दर रविवारी. या दगडावर बसायचा. तुला ठाऊक नाही?"

सेवंता वाकून त्या काळ्या दगडाकडे बघते. तिला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळत नाही.

रायकी मांडीवरची मुलगी उचलते. "हिला बघ. कालपासून खोकतेय. या वेळी मी लवकर दाखवतेय."

सेवंता घाईने दोन्ही हात पुढे करते, आणि रायकी थबकते. सेवंताच्या दोन्ही तळव्यांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोराचा पीळ उमटलाय. लाल, खोल आणि ओला.

"हे कशाने?"

सेवंता मागे वळून बघते. दिलवर लाँचच्या टोकाला उभा आहे, कोरड्या दोराचं वेटोळं आत्ता कुठे उचलत.

"दोर धरला होता," ती म्हणते.

रायकीही दिलवरकडे बघते. पदराच्या टोकाने ती ते दोन्ही तळवे हलकेच टिपून घेते, आणि मग आपली मुलगी त्यांवर ठेवते.