वीस मशीनं आणि अध्यक्षांचा फोटो

सुरेखाताईंचं मशीन पुन्हा अडकलं. उताऱ्याच्या ऐन मध्यात. बोटं कीबोर्डवर चालू होती आणि स्क्रीनवरचं अक्षर जागचं हलत नव्हतं.

"ताई, हे बगा. परत बसलं," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

शेजारचं मशीन त्याच्या आधीच बसलं होतं. मागच्या रांगेतली तर सगळीच. वीस मशीनं, सगळी नवी कोरी, मीच बसवलेली. आणि दुसऱ्या दिवशी याच लॅबमध्ये शासनाची मराठी टायपिंगची परीक्षा.

मी कराडच्या एका कॉम्प्युटर दुकानात हार्डवेअरचं काम करते. उरलेल्या वेळात आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहिते. कधीकधी लोकांना वाटतं की उलटं आहे. तर विट्याच्या रस्त्यावर एक शिक्षण संस्था आहे. नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. सरकारी अनुदानातून तिथं नवी लॅब झाली आणि मशीनं आमच्या दुकानातून गेली. बसवताना एका मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, नीट टाकायचा, मराठीचे फॉन्ट तपासायचे आणि मग त्याचीच प्रत बाकीच्यांवर उतरवायची. मी सगळी मशीनं दिवसभर चालवून बघितली होती आणि मगच हँडओव्हर दिला होता. एकही अडकलं नव्हतं.

त्यानंतर लॅबचं उद्घाटन झालं. त्यानंतर ही तऱ्हा.

सुरेखाताईंचं सांगायला हवं, कारण त्या दिवशी खरं पणाला लागलं होतं ते त्यांचंच. त्यांचा नवरा सरकारी नोकरीत असताना वारला. अनुकंपा तत्त्वावर, म्हणजे गेलेल्या माणसाच्या जागी घरातल्याला घेतात त्या नियमानं, त्या क्लार्क म्हणून लागल्या. त्या नोकरीला अट असते. ठरलेल्या मुदतीत टायपिंगचं सर्टिफिकेट आणायचं, नाहीतर नोकरी जाते. ताईंची ही शेवटची संधी. मुदत संपायच्या आत दुसरी परीक्षा नव्हती. उमेदवारांना आदल्या दिवशी केंद्रावर सराव करू देतात, म्हणून ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या आल्या होत्या.

आता सरळ सांगते, माझा पहिला संशय कशावर गेला. खरेदीवर. जनतेच्या पैशातून लॅब होते तेव्हा मधल्यामध्ये कोण काय खातं हे आम्ही पत्रकांतून सांगत आलोय. आमच्या दुकानातून चांगला माल गेला आणि इथं कुणी आतले पार्ट बदलले असतील, असं माझ्या डोक्यात आलं. एका मशीनची कॅबिनेट खोलली. रॅम तीच, डिस्क तीच, आमचं स्टिकर जागच्या जागी. पत्रक तिथंच बारगळलं.

मग वीज बघितली. अर्थिंग खराब असेल तर मशीन वेड्यासारखं वागतं. मीटर लावला. अर्थिंग ठीक, यूपीएस ठीक.

मालकांना फोन लावला. निकमदादा, दुकानाचे मालक. त्यांना कुठलाही आजार सांगा, औषध एकच.

"ओएस मार परत," ते म्हणाले. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाक.

"दादा, वीस मशीनं आहेत. उद्या पेपर आहे."

"मग एकावर मार आदी. चाललं तर बाकीच्यावर प्रत उतरीव. आन तिथं भाषण देऊ नको."

"मी कुठं भाषण देतेय?"

"देशील."

सुरेखाताईंच्याच मशीनवर नव्यानं सिस्टिम टाकली. ताई शेजारी स्टुलावर बसून होत्या. मांडीवर बोटं चालवत होत्या, हवेतच. मशीन सुरू झालं, त्यांना उतारा दिला. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. अडकलं नाही.

"आता कसं पळतंय!" ताई पहिल्यांदा हसल्या.

मीही हसले. प्रत काढायची तयारी सुरू केली. तेवढ्यात पाटील सर आत आले. हे लॅबचे इन्चार्ज. सभ्य माणूस. पोरांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजणारा.

"झालं का, मॅडम? लय भारी काम केलं," म्हणाले. खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि ताईंच्या मशीनला लावला.

"हे काय, सर?"

"फोटो. फॉरमॅट मारलं की जातोय न्हवं? तेवडा टाकून देतो."

त्यांनी पेनड्राइव्हमधल्या कशावर तरी क्लिक केलं आणि स्क्रीनभर संस्थेचे अध्यक्ष आले. फेटा, गॉगल, जोडलेले हात. खाली 'ज्ञानगंगेचे भगीरथ' वगैरे. कडेनं शुभेच्छुकांचे छोटे चेहरे, रस्त्याच्या चौकात असतात तसे.

मी ताईंना म्हटलं, अजून एक उतारा करा. त्यांनी केला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या मध्यात मशीन बसलं.

पाटील सर म्हणाले, "बगा की. तुमी फॉरमॅट मारूनबी तसंच."

"सर, तो पेनड्राइव्ह द्या इकडं."

आता हे जरा समजावून सांगते. फोटो साधा नव्हता. उद्घाटनाला गेटवर जो फ्लेक्स लागला होता, फ्लेक्सवाल्याकडची त्याचीच मूळ फाईल होती. बस आडवी झाकेल एवढ्या कापडावर छापायची. डिस्कवर अशी फाईल लहान दिसते, कारण ती घडी घालून ठेवलेली असते. मांडववाल्याचा अख्खा मांडव एका टेम्पोत मावतो, तसं. पण तो उभा करायचा तर मैदान लागतं. कॉम्प्युटरचं मैदान म्हणजे रॅम. स्क्रीन वीतभर असली तरी मशीन आधी अख्खा मांडव उभा करतं, मग त्यातून वीतभर दाखवतं.

एक मांडव नव्या मशीनला जड नाही. भानगड पुढं होती. पेनड्राइव्हमध्ये फोटोबरोबर एक छोटा प्रोग्रॅम होता. तो दर काही मिनिटांनी फोटो नव्यानं लावत होता. आणि ज्यानं लिहिला त्यानं जुना मांडव उतरवायची सूचनाच दिली नव्हती. मांडवावर मांडव. अर्ध्या तासात मैदान भरायचं आणि मशीन बसायचं. लॅब बघायला येणारे पाहुणे दहा मिनिटं थांबतात. त्यांच्यापुढं सगळं झकास चालत असणार.

"हा प्रोग्रॅम कशासाठी, सर?"

पाटील सरांनी आधी दाराकडं बघितलं. "पोरं फोटो बदलत्यात. साहेबांचा फोटो काडून शर्यतीचे बैल लावत्यात. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले, तर पयल्या मशीनवर ही खोंडं! तवा भाच्याकडनं करून घेतला. कुणी बदललं तरी परत फोटो येतोय."

"कुणाचे बैल होते, सर?" सुरेखाताईंनी विचारलं.

"आमच्याच गावचे. पयला नंबर आलेले." सर बोलून गेले आणि आम्ही तिघंही हसलो.

मग मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅम आणि फोटो दोन्ही काढते. तासाभरात सगळी लॅब सुरळीत."

सरांचं हसू गेलं. "फोटो न्हाई काडता यायचा."

"का?"

"उद्या साहेब केंद्राला भेट देणार हायेत."

"सर, परीक्षा केंद्रात बाहेरच्या माणसाला येता येत नाही."

"साहेब बाहेरचे व्हय?"

याला काय उत्तर देणार! पण मी दिलं. मशीनं सरकारी अनुदानाची आहेत, म्हटलं. त्यात माझ्या आईच्या काडेपेटीवरचा करसुद्धा आहे. या स्क्रीनवर उमेदवाराचा उतारा दिसला पाहिजे, फेटा नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हीच भ्यायलात तर पोरांनी कुणाकडं बघायचं? शिक्षण संस्था म्हणजे कुणाची वतनं नाहीत. निकमदादा म्हणाले होते ते मी तिथं पुरेपूर खरं केलं.

पाटील सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी हितं लय वर्सं झालं शिकवतोय. अजून कायमची ऑर्डर न्हाई. ती ऑर्डर कुणाच्या सहीनं निगती, तुमाला म्हाईत हाय. तुमी बोलून कराडला जाताय. मला रोज हितं यायचंय."

खरं होतं. पण ते खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात सुरेखाताई स्टुलावरून उठल्या.

"आवं ताई," त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर हाय. पर तुमची लढाई परवा लढा. माजा पेपर उद्या हाय. घरात दोन पोरं हायेत. त्या फोटोत कोण का असंना, मला काय करायचंय? मला मशीन चालाय पायजे."

पत्रकात आपण 'सामान्य माणूस' असं लिहितो. तो समोर उभा राहून बोलला की पत्रकातलं एकही वाक्य उपयोगाला येत नाही.

मग कामाचं बोलले. "सर, फोटो ठेवते. पण बारीक करून. स्क्रीनवर दिसायला तसाच दिसेल, फेट्याची घडीसुद्धा कमी होणार नाही. मांडवाच्या जागी हातरुमाल होईल एवढंच. प्रोग्रॅम मात्र जाणार. त्यात तडजोड नाही."

"पर पोरांनी बैल लावले तर?"

"उद्या पोरं नाहीत, उमेदवार आहेत. आणि पेपर सुरू झाला की परीक्षेचा प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीन घेतो. मग फोटो दिसतच नाही."

सर चमकले. "कुणाचाच?"

"कुणाचाच."

सर दाराकडं वळले. मग म्हणाले, "मी चहा सांगून येतो. परत आल्यावर तो प्रोग्रॅम कुटं गेला, मी इचारणार न्हाई."

चहा यायला चांगलाच वेळ लागला. तोवर मी एकेका मशीनवरून प्रोग्रॅम उडवला, बारीक केलेला फोटो लावला, मशीन बंद करून सुरू केलं. सुरेखाताईंना म्हटलं, घरी जा, आराम करा. त्या गेल्या नाहीत. ज्या मशीनचं काम होईल त्याच्यापुढं बसायच्या आणि उतारा टाइप करायच्या. माझं टेस्टिंग झालं, त्यांचा सराव झाला. संध्याकाळी वीसच्या वीस मशीनं एका वेळी चालू ठेवून आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. एकही अडकलं नाही.

निकमदादांना फोन केला. "झालं."

"ओएसच असंल."

"नाही. फ्लेक्स होता."

"आँ?"

"आल्यावर सांगते."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर हजर राहिले. टेक्निकल माणूस बाहेर लागतो. साहेबांच्या स्वागताला गेटवर खुर्ची मांडली होती, शाल-श्रीफळ तयार होतं. साहेब आले नाहीत. त्यांना दुसरीकडं कुठलंसं उद्घाटन होतं. पाटील सर तरीही प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून उभे राहायचे. मी व्हरांड्यात बसून दाराच्या फटीतून कीबोर्डचा आवाज ऐकत होते. पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखा. तो थांबला असता तर मला आत जावं लागलं असतं. थांबला नाही.

पेपर सुटला. सुरेखाताई बोटं मोडत बाहेर आल्या.

"कसा गेला?"

"उतारा पुरा झाला. चुका किती, देव जाणे."

"मशीन?"

"पळत हुतं."

मला राहवलं नाही. "सुरुवातीला स्क्रीनवर फोटो होता तो बघितलात ना? त्रास नाही झाला?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "फोटो? कुणाचा?"

पुढं निकाल लागला. सुरेखाताई पास झाल्या, नोकरी राहिली. त्यांनी दुकानात पेढे आणून दिले. निकमदादांनी दोन खाल्ले आणि ओएस मारण्याचे फायदे त्यांना समजावून सांगितले. पाटील सरांची ऑर्डर अजून आलेली नाही. संस्थेचं नाव मी का लिहीत नाही, ते यावरून समजून घ्या. ऑर्डर आली की नाव घालून पत्रक काढीन. सरांना तसं सांगून ठेवलंय. ते म्हणतात, घाई करू नका.

आमच्या धंद्यात मशीन बसलं की लोक सिस्टिमला शिव्या देतात. सिस्टिम दरवेळी निर्दोष असते असं नाही. पण शिव्या देण्याआधी तिच्या डोक्यावर आपण काय काय चढवून ठेवलंय ते बघावं. हल्ली मी नवी लॅब हँडओव्हर करताना पासवर्ड देते, वॉरंटी सांगते आणि शेवटी विचारते, उद्घाटन कधी आहे? मग उद्घाटन होऊ देते आणि दोन दिवसांनी न बोलावता एक चक्कर मारते.