आश्रुबाचं कानो आणि सुग्रीवअण्णांचं कानपूर

तलवाड्यात कुणी नवं बांधकाम काढलं की पाया भरायच्या आत आश्रुबा तिथं हजर. बोलावणं लागत नसे. मेंढरं बाभळीखाली बसवायची, काठीवर हनुवटी टेकवायची आणि डोळे बारीक करून गवंड्याचं काम बघायचं. गवंडी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचा, कारण पुढचं वाक्य त्याला पाठ होतं.

"चांगली हाय भिंत," आश्रुबा म्हणायचा. "पर कानोची भिंत बघितली असती तर तुमी सिमेंटाला हात लावला नसता. नुसती माती! अख्ख्या शहराला वेढा. आन जागजागी वेशी."

"कानो म्हंजी कानपूरच ना बे?" गवंडी विचारायचा.

हे ऐकलं की आश्रुबा काठी उचलायचा आणि मेंढरांना जरा जास्तच जोरात हाकारायचा.

आश्रुबा मूळचा मेंढरांमागचा माणूस. बापही मेंढरांमागचा, आजाही. पण तिशीत त्याला मेंढरांचा कंटाळा आला आणि तो बोअरच्या गाडीवर चढला. जमिनीत नळी घालायची, धुरळ्यानं पांढरं व्हायचं, पाणी लागलं की गावानं नारळ फोडायचा, नाही लागलं की मुकाट्यानं पुढच्या गावाला निघायचं. गाडीचा मालक तमिळ. त्यानं एके दिवशी दोन गाड्या जहाजात घातल्या आणि गाड्यांमागून आश्रुबाला विमानात. नायजेरिया नावाच्या देशात, कानो नावाच्या जुन्या शहराच्या आसपासच्या खेड्यांत बोअर पाडायचे होते. बावीस महिने तो तिकडं राहिला, आणि परत आला तो पुन्हा मेंढरांमागं.

गोंधळ झाला तो त्याच्या आईमुळं. म्हातारी कडूबाई कुणीही विचारलं की सांगायची, "माझा आश्रू कानूला गेला." तोंडात दात उरले होते तीन. गावानं ठरवून टाकलं की कानपूरला गेला, म्हातारीला नीट म्हणता येत नाही. आश्रुबा परत येईपर्यंत कानपूर इतकं पक्कं झालं होतं की त्यानं "कानो" म्हटल्यावर लोकांना वाटलं, आपण अहमदनगरला नुसतं नगर म्हणायचो, तसं तिकडचे लोक म्हणत असतील.

"अरे, विमानात बसून गेलतो मी!"

"मग? कानपूरला काय विमान जात न्हाई?"

पुरावा म्हणावा तर पासपोर्ट मुंबईच्या एजंटानं ठेवून घेतला तो घेतलाच. फोटो एक होता. त्यात आश्रुबा, बोअरची गाडी, लाल माती आणि चार झुडपं. तो बघून चहावाले बबनराव म्हणाले, "ह्ये तर पाटोद्याच्या पलीकडलं माळरान." पुढं पोरगी स्वप्ना शिकायला लागली, तिनं मोबाइलवर कानोची चित्रं काढून दाखवली. तर गाव म्हणे, बापानं हे मोबाइलवरच बघून पाठ केलं असणार.

पण आश्रुबा थांबला नाही. दहा-बारा वर्षं तो गावाला कानो दाखवत राहिला. बाजार कसा, तर आत शिरलं की चांभार, सोनार, मसालेवाले, गल्लीतून गल्ली, बाहेर पडायची वाट विचारावी लागते. डाला नावाची टेकडी कशी, तर पायऱ्या चढून गेलं की सारं शहर पायाशी. राजवाडा आहे, ईदेला त्याच्यासमोर घोडेस्वार असे सुसाट येतात की आपले डोळे मिटतात. बाया बाजरीचा गोळा आंबट दुधात कालवून देतात, खाल्ला की मेंढवाड्यावरची आठवण येते. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, निळीचे हौद. जमिनीत गोल आड खणलेले, तीन-तीन पुरुष खोल, त्यांत नीळ. शेकडो वर्षं तिथं कापड बुडवून काढतात.

"कुठं म्हनलास?" म्हाताऱ्या विचारायच्या.

"कोफार माता."

म्हाताऱ्या लगेच हात जोडायच्या.

"आगं, देवी न्हाई ती! त्यांच्या बोलीत कोफार म्हंजी वेस, माता म्हंजी बाया. बायांची वेस!"

"आसू दे बाबा," म्हाताऱ्या म्हणायच्या. "नाव घेतलंय, तर हात जोडायला काय जातंय?"

एक गोष्ट मात्र आश्रुबानं गावाला कधी सांगितली नव्हती. बावीस महिन्यांत त्यानं कानो बघितलं होतं एकच दिवस. बाकी सगळे दिवस शहरापासून लांब, कुणाच्या तरी शेतात, धुरळ्यात. एका शुक्रवारी मालकानं सुटी दिली, ड्रायव्हरनं पिकअपमध्ये घालून सकाळपासून सांजेपर्यंत पाच ठिकाणं दाखवली, तेवढंच. गावात सांगताना मात्र तो रोज सांजच्याला निळीच्या हौदांवर चहाला जात असल्यासारखं सांगायचा. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, छबुबाईला. ती ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची.

बिघडलं ते सुग्रीवअण्णांमुळं. सुग्रीवअण्णा गावचे मोठे बागायतदार, दोन वेळा सरपंच झालेले, दाराशी जीप. त्यांच्या पुतण्याला नोकरी लागली नेमकी कानपूरला. अण्णा आठ दिवस जाऊन राहिले. आता कानपूरला गेलोच आहोत तर आश्रुबाच्या जागा बघाव्यात, म्हणून पहिल्याच सकाळी त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "कोफारमाता." रिक्षावाला भला माणूस. त्यानं नाही म्हटलं नाही. दिवसभरात तीन वेगवेगळ्या देवींच्या देवळांपुढं नेऊन उभं केलं. अण्णांनी तिन्ही ठिकाणी नारळ फोडला, तिन्ही ठिकाणी निळीचे हौद विचारले, आणि तिसऱ्या ठिकाणी पुजाऱ्यानं त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं.

परत आले ते थेट बबनरावांच्या चहाच्या टपरीवर. आश्रुबा तिथंच होता.

"आश्रुबा, कावून खोटं बोललास बे?"

"काय झालं अण्णा?"

"मातीची भिंत न्हाई, टेकडी न्हाई, हौद न्हाई, घोडे न्हाईत! गंगा हाय एवढी मोठी, ती तू एकदा बी सांगितली न्हाई!"

"अण्णा, ती कानपूरला असंल. मी कानोला गेलतो."

"दहा वर्षांनी गाव बदलतो का बे आता?"

टपरी हसली. त्या दिवसापासून आश्रुबाचं नाव पडलं कानपूरकर. पोरंटोरं मेंढरांनासुद्धा कानपुरी म्हणायला लागली. आश्रुबानं बांधकामं बघायला जाणं सोडलं. कुणाची भिंत उभी राहिली तर लांबून वळसा घालून जायचा. महिनाभर घरात कानोचं नाव निघालं नाही, तेव्हा छबुबाईलाच करमेना. तिनं पोरीला फोन लावला.

"तुज्या आबानं बोलनं टाकलंय गं. कायतरी कर."

स्वप्ना संभाजीनगरला एम.एस्सी. करत होती. ज्वारी हुरड्यावर आली होती. तिनं वर्गातल्या पाचसहा जणांना रविवारी हुरडा खायला तलवाड्याला आणलं, आणि त्यांत एक उंच, चष्म्याचा, लाजाळू मुलगा होता. नाव बशीर. गाव कानो, देश नायजेरिया, इथं राहून हिंदी बोलायला शिकलेला.

बातमी पसरायला पाव तास लागला. शेकोटीत कणसं भाजायला टाकेपर्यंत अर्धं गाव आश्रुबाच्या शेतात. सुग्रीवअण्णांना खुर्ची आणली. म्हातारी कडूबाई खाटेसकट आली. छबुबाई कणसं चोळत होती. आश्रुबा मात्र पार बांधावर, पाठमोरा. कानोचा खरा माणूस बघून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो बांधावरचं गवत उपटत बसला होता. एका दिवसाच्या भांडवलावर आपण दहा वर्षं बोललो, आता ह्यानं चार प्रश्न विचारले तर?

अण्णांनी सुरुवात केली. "बेटा, तुमारे गाव में मिट्टी की दीवार है?"

"हाँ जी, है. पुरानी," बशीर म्हणाला.

गावात कुजबुज झाली. आश्रुबा अर्धा वळला.

"और टेकडी? डाला?"

"है जी. बहुत फेमस."

"ऊपर गया क्या तू?"

बशीर ओशाळला. "नहीं. मेरे घर से दिखती है."

"और वो नीळ का हौद? कोफारमाता?" इथं मागच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"मालूम है जी. लेकिन गया नहीं. स्कूल का ट्रिप गया था, तब मुझे बुखार था."

राजवाडा त्यानं बाहेरून बघितला होता. जुन्या बाजारात आई जायची, तो गर्दीच्या भीतीनं जात नसे. वीस वर्षं कानोत काढलेल्या पोरानं आश्रुबाच्या पाच ठिकाणांपैकी एकही धड बघितलं नव्हतं. अण्णा खुर्चीत मागं रेलले.

"बघा! तिथल्या माणसाला बी म्हाईत न्हाई."

"भावजी," छबुबाई हातातलं कणीस खाली ठेवत म्हणाली, "तुमी बीडची खजाना बावडी बघितली का?"

"मला काय करायचंय? बीड काय पळून चाललंय?"

"मंग त्या लेकराला कावून बोलता?"

अण्णा वाकून शेकोटीतलं कणीस उलटं करायला लागले. तेवढ्यात बशीरला एक सुचलं. त्याचा मामा त्या हौदांच्या जवळच राहायचा. तिकडं सकाळ झाली होती. बशीरनं व्हिडिओ कॉल लावला, त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं, आणि मामा मोठ्यानं हसल्याचं सगळ्या शेताला ऐकू आलं. दहा मिनिटांनी मामा हौदांपाशी मोटारसायकलवरून उतरला आणि त्यानं मोबाइल पुढं धरला.

बशीरनं स्वप्नाच्या हातात दिलेल्या फोनवर तलवाडं तुटून पडलं. गोल आड दिसले. एक, दोन, दहा, पुढं मोजता येईनात. त्यांच्या काठावर बसलेले कारागीर कापड बुडवत होते, पिळत होते, पुन्हा बुडवत होते. हात कोपरापर्यंत निळे.

"हौद!" बबनराव ओरडले.

"आता मामाला म्हनावं, डाव्या अंगाला वळा," छबुबाई गर्दीतून पुढं आली. "तिथं कापड ठोकत असतील. लाकडाच्या मोगरीनं. चकाकी यावी म्हनून. इस्तरी करत न्हाईत ते."

बशीरनं सांगितलं, मामा वळला. दोन माणसं निळ्या कापडावर मोगरी हाणत होती.

बशीर चकित होऊन बघत राहिला. "काकी, आप कब गए थे?"

"मी? मी गेवराईच्या पुढं गेले न्हाई," छबुबाई म्हणाली. "पर म्हाईत हाय."

गावानं आश्रुबाकडं बघितलं. आश्रुबा आता बांधावरून खाली आला होता. पण सुग्रीवअण्णा असे हरणारे नव्हते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"थांबा. ते झाड कशाचं?"

हौदांच्या कडेला हिरवंगार झाड होतं. सगळ्यांनी निरखलं. कडुलिंब. नक्की कडुलिंब.

"आन ती शेळी? ती मोटारसायकल? ते पत्र्याचं छप्पर?" अण्णा उठून उभे राहिले. "कडुलिंब हाय, शेळी हाय, पत्रे हायत. अरे, ह्ये कानपूरच हाय! त्या रिक्षावाल्यानं मला बरोबर नेलं न्हाई!"

मग जे हसू फुटलं, ते बशीरनं मामाला समजावून सांगितल्यावर तिकडंही फुटलं. नीळवाले हात पुसत फोनपाशी गोळा झाले. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, की तुमच्यातला कोण आमच्याकडं येऊन गेला? आश्रुबाला पुढं ढकललं गेलं. म्हातारा त्याला न्याहाळून बघत राहिला.

"तो म्हणतो, ओळखलं नाही," बशीर हळूच म्हणाला.

"कसा वळखंल?" आश्रुबाच्या तोंडून निघून गेलं. "एकच दिवस गेलतो. शुक्रवार होता. सारं कानो मी एका दिवसात बघितलं. बाकी बावीस महिने नुसता धुरळा."

बोलल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. छबुबाईनं डोळे मिटून घेतले.

सुग्रीवअण्णा त्याच्या जवळ आले. "एका दिवसात? आन दहा वर्षं सांगतोयस?"

"व्हय अण्णा."

"मी आठ दिवस कानपूरला व्हतो," अण्णा म्हणाले. "मला एक दिवस बी नीट सांगता येत न्हाई." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गरम हुरडा आश्रुबाच्या ओंजळीत घातला.

हुरडा संपल्यावर बशीरनं साधा प्रश्न विचारला. तुमच्या बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे? मघाशी छबुबाईनं खजाना बावडीचं नाव घेतलं होतं, तेवढं एकच उत्तर हाताशी होतं. अण्णांची जीप निघाली. पुढं अण्णा, मागं बशीर, स्वप्ना, छबुबाई आणि आश्रुबा. बाकीची पोरं एसटीनं परत गेली.

खजाना बावडीपाशी उतरल्यावर आश्रुबा आपला सहज काठापर्यंत गेला आणि तिथंच खिळला. निजामशाहीच्या काळातली गोल विहीर, खाली संथ पाणी, आणि पाणी वाहून न्यायला जमिनीखालून काढलेली भुयारं. पंप नाही, मोटार नाही. पाणी आपल्या पायानं शेतात जातं. लोक सांगतात, ही कधी आटत नाही. आश्रुबानं उभ्या आयुष्यात जमिनीला हजारभर भोकं पाडली होती, त्यांतली निम्मी कोरडी. तो पोटावर पालथा झाला, मुंडकं आत घातलं आणि पाणी कुठून येतं ते बघत राहिला.

"अवो, बोला की कायतरी," छबुबाई म्हणाली. "लेकरू इच्चारतंय."

"थांब गं. बघू दे जरा."

बशीरनं फोटो काढले आणि मामाला पाठवले. मामाचं उत्तर आलं, की तुझ्या त्या भानगडीपायी तुझी आई आज डाला टेकडी चढून आली, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, आणि आता पाय दुखतात म्हणून झोपली आहे.

तेव्हापासून तलवाड्यात कानोची माहिती देणारे दोघं झालेत. सुग्रीवअण्णा टपरीवर बसून निळीचे हौद असे सांगतात की नव्या माणसाला वाटावं, तेच जाऊन आले. आश्रुबा मधेमधे चुका काढतो. पुढच्या महिन्यात धारूरचा किल्ला ठरलाय. जीप अण्णांची, मेंढरं सांभाळायला गडीही अण्णाच देणार. अट एकच घातलीय, किल्ला पुरा बघून होईस्तोवर आश्रुबानं कानोच्या भिंतीचं नाव काढायचं नाही. आश्रुबानं ती मान्य केली. छबुबाईनं अजून काही कबूल केलेलं नाही.