पद्मिनीची रबरी हातोडी

माझी बायको पद्मिनी लहान मुलांची डॉक्टर, आणि अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बर गावातल्या तमाम मराठी आयांच्या मते तिला रविवार नसतोच. फोन वाजला की मी नाक मुरडतो आणि ती 'घेऊन या' म्हणून मोकळी होते. मी इंजिनिअर, माझ्याकडे कुणी बंद पडलेला मिक्सरही आणत नाही.

शहाऐंशीच्या जानेवारीतला असाच एक रविवार. संजीवचा फोन आला. त्याचा पाच वर्षांचा प्रसन्न सकाळी उठला तो लंगडतच. कुठे पडलाबिडला नव्हता. नुकतीच ती मंडळी नागपूरहून परतली होती, आणि संजीवची बायको शरयू सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नव्हती. तिचा धाकटा भाऊ एकनाथ लहानपणी असाच एका सकाळी लंगडत उठला होता. तो पोलिओ निघाला. प्रसन्नचे सगळे डोस झालेले होते, पण शरयूच्या डोळ्यांपुढे एकनाथच होता.

पद्मिनीची तपासणी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच सुरू झाली. पोराला उचलून आणू नका, चालू द्या, असं तिने बजावलं होतं. उजवा पाय जपून टेकत तो लंगडत आला. दारात बूट-मोजे काढायची आपली रीत, त्यामुळे पावलं आयतीच बघून झाली. काटा नाही, फोड नाही, सूज नाही. ताप नव्हता. मग गालिच्यावर निजवून तिने आधी चांगला पाय वळवला, मग दुखरा. उजवा पाय आत वळवताना त्याने तोंड वाकडं केलं. मध्यंतरी सर्दी झाली होती का, तिने विचारलं. गेल्याच आठवड्यात झाली होती, संजीव म्हणाला.

शरयूला यातलं काही ऐकू जात नव्हतं.

"ताई, त्याचा पाय लुळा पडणार नाही ना?"

पद्मिनीने प्रसन्नला जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बसवलं आणि रबरी हातोडीने उजव्या गुडघ्याखाली टक् केलं. पाय असा उडाला की समोर उभ्या असलेल्या माझ्या हातातली बशी निसटली आणि सगळा चिवडा गालिच्यावर सांडला. मी भडकलो, पुण्याहून आलेला चिवडा होता तो. प्रसन्न खदखदून हसला.

"पोलिओने पाय गेला असता, तर असा उडाला नसता," पद्मिनी म्हणाली. सर्दीनंतर कधीकधी खुब्याच्या सांध्यात पाणी साठतं, आठवड्याभरात ओसरतं, असं तिने समजावलं. तोवर पळापळ बंद. खात्रीसाठी उद्या क्लिनिकमध्ये एक्स-रे आणि रक्त तपासायचं. मध्येच ताप आला किंवा पाय टेकवेना, तर थेट इमर्जन्सी गाठायची.

शरयू त्या हातोडीकडे बघत होती.

"एकनाथच्या गुडघ्यावर डॉक्टर असंच मारायचे. आम्ही सगळे भोवती उभे राहून बघायचो. पाय हलायचाच नाही."

पद्मिनीने हातोडी तिच्या हातात दिली. शरयूने भीत भीत टक् केलं. पाय उडाला. तिने पुन्हा केलं, पुन्हा उडाला. ती हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते.

"आई, डू इट अगेन," प्रसन्न म्हणाला.

मी बशीत पुन्हा चिवडा घेतला आणि मुद्दाम त्याच जागी जाऊन उभा राहिलो.